वृत्तमूल्य कशाचे?

छायाचित्र खरे आहे, एवढ्यावरून ते छापण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो काय? हा प्रश्न नवा नाही. सॅम्युअल वॉरेन आणि लुई ब्रँडाइस ह्या अमेरिकन विधिज्ञांनी १८९० सालीच 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मधून खाजगी जीवनाच्या हक्काची मांडणी केली, तीही वृत्तपत्रे आणि झटपट टिपल्या जाणाऱ्या छायाचित्रांच्या त्रासामुळेच. ह्या वादातील एका अर्वाचीन निवाड्याचा येथे आम्ही विचार करू इच्छितो.

नोएलिया ह्या पॉप गायिकेने जानेवारी २००७ मध्ये लास व्हेगास येथे आपल्या व्यवस्थापकाशी गुपचूप विवाह केला. अविवाहित तरुण गायिका ही प्रतिमा जपायची म्हणून ही गोष्ट दोन वर्षे घरच्यांपासूनही लपविण्यात आली. विवाहाची आणि त्या रात्रीची छायाचित्रे मात्र एका मेमरी चिपवर राहिली. ती त्यांच्याकडे अधूनमधून काम करणाऱ्या छायाचित्रकाराच्या हाती लागली आणि त्याने ती १,५०० डॉलरना विकली. फेब्रुवारी २००९ मध्ये 'टीव्ही नोटास' ह्या नियतकालिकाने त्यांतील सहा छायाचित्रे छापली. दांपत्याने दाद मागितली ती स्वामित्वहक्काच्या कायद्याखाली. खालच्या न्यायालयाने नियतकालिकाची बाजू उचलून धरली. १४ ऑगस्ट २०१२ रोजी अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय फिरविला.

बहुमताचा युक्तिवाद आम्हांला पटतो. विवाह ही बातमी असेल, पण तिच्या पुराव्यासाठी विवाहाचा सरकारी दाखला पुरेसा होता. रात्रीच्या चित्रांची गरज नव्हती. घटनेचे वृत्तमूल्य चित्राला उसने देता येत नाही, हे तत्त्व येथे स्पष्ट झाले. आणि विवाहाला साक्षीदार लागतात, नोंद लागते. तो मुळातच समाजापुढे केलेला करार आहे. त्याची वार्ता देण्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती पडदा दूर सारण्यास.

तथापि भिन्नमत देणाऱ्या न्यायाधीशांची शंका उडवून लावण्याजोगी नाही. प्रसिद्ध व्यक्ती स्वामित्वहक्काची ढाल पुढे करून गैरसोयीच्या बातम्या दडपतील, असे त्यांना वाटले. लोकांची मते मागणाऱ्या पुढाऱ्याच्या हाती ही ढाल आली तर काय होईल, ह्याचा विचार वाचकांनी अवश्य करावा.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. चित्राची मालकी हा लज्जारक्षणाचा आधार ठरावा, हेच विपरीत आहे. चित्र परक्याने काढले असेल आणि हक्क त्याच्याकडे असतील, तर चित्रातील स्त्रीने ह्या कायद्याखाली कोणाकडे पाहावे? मनुष्याची अब्रू ही मालमत्ता नव्हे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात खाजगी जीवनाचा हक्क मान्य केला, तसेच सार्वजनिक नोंदींतील मजकूर छापण्याची मोकळीकही ठेवली. आणि २०१७ साली पुट्टस्वामी निकालाने तो हक्क मूलभूत ठरविला. ही वाट अधिक सरळ आहे, असे आमचे मत आहे. मात्र कायदा नेहमी अंक बाजारात आल्यानंतर धावून येतो. त्याआधी तो अंक विकत घेणारे हात आपलेच असतात, ह्याचे विस्मरण होऊ नये.