नॅन्सी ह्यूजचा चोपन्न वर्षांचा संसार

काही नावे बारशाच्या दिवशीच चिडवण्यासाठी ठेवलेली असतात. ‘सोप ऑपेरा’ हे त्यांतलेच एक. अमेरिकेत १९३० च्या सुमारास घरकामात गुंतलेल्या गृहिणींसाठी रेडिओवर दुपारच्या वेळी रोजच्या कथामालिका सुरू झाल्या. त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या उचलीत. तेव्हा विकायचा साबण आणि आव मात्र ऑपेराचा, अशी टवाळी त्या नावात कायमची जाऊन बसली. आपल्याकडे मालिका आल्या तेव्हा हा सूर आपणही उचलला. ‘सासू-सुनांच्या मालिका’ म्हणून चारचौघांत नाक मुरडायचे, आणि घरी ठरल्या वेळी स्वयंपाकघरातून ‘सुरू झाली का गं?’ असा आवाज द्यायचा, ही रीत कोणत्या घरात नाही?

समीक्षक ह्या गल्लीत सहसा शिरत नाहीत. नाटकाचा पडदा पडल्यावर किंवा कादंबरीचे शेवटचे पान मिटल्यावर मत द्यावे, ही आमची सवय. पण जिला शेवटचे पानच नाही अशा कलाकृतीचे काय करायचे? आणि तीत एकच भूमिका चोपन्न वर्षे निभावणाऱ्या अभिनेत्रीला कोणते माप लावायचे? साबणाच्या दोन जाहिरातींच्या मध्ये एक आयुष्य वाया गेले, असे म्हणून हळहळावे, की त्या आयुष्याने काही कमावले असे म्हणावे? हेलन वॅग्नर ह्या अमेरिकन अभिनेत्रीच्या निमित्ताने मी हा प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहे.

वॅग्नरबाईंचा जन्म ३ सप्टेंबर १९१८ चा, टेक्सास राज्यातल्या लबक गावचा. इलिनॉय राज्यातल्या मॉनमथ कॉलेजातून १९३८ मध्ये त्या पदवीधर झाल्या. नाटकाबरोबर गाण्याचेही अंग होते. १९४१ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या ‘सनी रिव्हर’ ह्या संगीत नाटकात त्यांनी काम केले. पुढे दूरचित्रवाणीचे युग आले, आणि १९५२ मध्ये रेडिओवरून पडद्यावर आलेल्या ‘द गायडिंग लाइट’ ह्या मालिकेत त्यांना ट्रूडी बाउअरची भूमिका मिळाली. इथे त्यांची गाठ इर्ना फिलिप्स ह्या लेखिकेशी पडली.

इर्ना फिलिप्स ही शिकागोची. ह्या साऱ्या प्रकाराची जननी म्हणावी अशी बाई. १९३० मध्ये ‘पेंटेड ड्रीम्स’ ही रेडिओमालिका तिने लिहिली, तेव्हापासून दुपारच्या कथांचा हा संसार तिने मांडला. स्वतः लग्न केले नाही. दोन मुले मात्र दत्तक घेतली. घर ह्या विषयाकडे ती थोडी बाहेरून पाहत होती, म्हणूनच कदाचित तिला त्यातले ते दिसले, जे आत राहणाऱ्यांच्या डोळ्यांना सवयीने दिसेनासे होते. तोवर दूरचित्रवाणीवरच्या रोजच्या मालिका पंधरा मिनिटांच्या असत. तिने अर्ध्या तासाचा हट्ट धरला. प्रॉक्टर अँड गँबल ह्या साबणवाल्या कंपनीला तो सहजी पटला नाही. अखेर २ एप्रिल १९५६ रोजी ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’, म्हणजे ‘जग फिरते तसतसे’, ही मालिका सीबीएसवर सुरू झाली. पहिले वाक्य वॅग्नरबाईंच्या तोंडी होते. नॅन्सी ह्यूज ही ओकडेल नावाच्या काल्पनिक गावातली गृहिणी, वकिली करणाऱ्या ख्रिस ह्या आपल्या नवऱ्याला सकाळचे अभिवादन करते, इतकेच ते वाक्य! खून नाही, पळून जाणे नाही. घरातली एक सकाळ उजाडते आणि कथा चालू लागते.

मिळालेल्या जादा पंधरा मिनिटांत लेखिकेने घटना वाढवल्या नाहीत, उसंत वाढवली. दोन माणसे कॉफीचा पेला घेऊन बसत आणि बोलत. बोलताबोलता थांबत. कॅमेरा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ जाई. नॅन्सीचे मुख्य काम हे ऐकण्याचे होते. नवरा, सासरे, पेनी, डॉन आणि बॉब ही मुले, ह्या सर्वांची वाट तिच्या स्वयंपाकघरातून जात असे. ऐकणाऱ्याचा अभिनय हा सर्वांत अवघड असतो, हे नाट्यव्यवसायातल्या कोणालाही विचारावे. बोलणाऱ्याला शब्दांचा आधार असतो. ऐकणाऱ्याला फक्त चेहऱ्याचा. आणि हा अभिनय दर आठवड्याला पाच दिवस, तोही थेट प्रक्षेपणात! १९७५ पर्यंत ही मालिका थेट प्रक्षेपित होत होती. शब्द चुकला तर चुकला. पुन्हा घेण्याची सोय नव्हती.

इथे रंगभूमीशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. १९७५ साली आलेल्या ‘ती फुलराणी’तली भक्ती बर्वे ह्यांची मंजुळा आपण जाणतो. त्या भूमिकेचे प्रयोगामागून प्रयोग झाले. प्रत्येक रात्री शब्द तेच, मंजुळेचे वयही तेच. वर्षे सरली ती अभिनेत्रीची. भूमिकेला त्यांची झळ लागली नाही. नॅन्सीच्या बाबतीत सारे उलट आहे. तिने तोच प्रवेश दुसऱ्यांदा कधी केला नाही, आणि वय मात्र भूमिकेचे व अभिनेत्रीचे एकाच पावलाने वाढत गेले. १९५६ मध्ये वॅग्नरबाई सदतीस वर्षांच्या होत्या. पुढे नॅन्सीला नातवंडे झाली, केस पांढरे झाले, आवाज किंचित कापू लागला, आणि ह्यांपैकी काहीच रंगपेटीतून आलेले नव्हते. लेखक बदलले, निर्माते बदलले. इर्ना फिलिप्स १९७३ मध्ये वारली. नॅन्सीला पहिल्या दिवसापासून ओळखणारी माणसे विरळ होत गेली, आणि एक वेळ अशी आली की त्या घराची खरी आठवण वॅग्नरबाईंपाशीच उरली. नवा लेखक संवाद लिहून देई. पण नॅन्सी असे बोलेल की नाही, हे ती भूमिका करणाऱ्या बाईइतके कोणाला ठाऊक असणार?

ह्या मालिकेतली एक दुपार इतिहासात जाऊन बसली आहे. २२ नोव्हेंबर १९६३. नॅन्सी आपल्या सासऱ्यांशी बोलत आहे. विषय घरगुती: मुलगा बॉब ह्याने आपल्या घटस्फोटित बायकोला, लिसाला, सणाच्या जेवणाला बोलावले आहे, ते बरे की वाईट? वाक्य चालू असतानाच पडदा बदलतो, आणि वॉल्टर क्रॉन्काइट ह्यांचा आवाज सांगतो, की अध्यक्ष केनेडींवर डॅलसमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. तिकडे स्टुडिओत नटमंडळींना ह्याचा पत्ताच नाही. ती आपला प्रवेश करीतच राहिली. ह्या प्रक्षेपणाचे ध्वनिचित्रमुद्रण उपलब्ध आहे. मी ते पाहिले आहे. त्यात मला हलवून गेली ती केवळ बातमी नव्हे. बातमीच्या आदल्या क्षणी नॅन्सीच्या चेहऱ्यावर सुनेच्या जेवणाविषयी जी गंभीर काळजी आहे, ती मला विसरता येत नाही. तीत नाटकी काही नाही. त्या क्षणी अमेरिकेतल्या असंख्य घरांत अशाच काळज्या चालू होत्या, आणि जगाचा इतिहास त्या घरांत ह्याच काळजीच्या मधोमध घुसला. बातमीचा आघात जाणवतो तो आधीची शांतता खरी असल्यामुळे.

ज्या लिसाच्या जेवणाची ही चर्चा, तिची भूमिका आयलीन फुल्टन ह्या अभिनेत्रीने १९६० पासून केली. लिसा ही कारस्थानी, देखणी, बॉबशी गुपचूप लग्न करून ह्यूजांच्या घरात आलेली आणि कामे सासूवर टाकून मोकळी होणारी सून. प्रेक्षक तिचा रागराग करीत आणि तिच्यासाठीच मालिका लावीत. फुल्टनबाईंनी पुढे आपल्या करारात, लिसाला आजी करू नये, असे कलम घालून घेतले होते. त्याला हसण्याचे कारण नाही. चाळिशी उलटलेल्या नटीला आई-आजी करून कोपऱ्यात बसवण्याची ह्या धंद्याची चाल त्यांनी नेमकी ओळखली होती. वॅग्नरबाईंनी दुसरा मार्ग धरला: वय येऊ दिले, आणि त्यातूनच भूमिका वाढवली. एकीने काळाशी भांडण मांडले, दुसरीने त्याला घरात जागा दिली. मला दोघींविषयी आदर आहे. पण कलेच्या दृष्टीने दुसरीचे धाडस मोठे वाटते, कारण त्यात टाळ्यांची हमी नव्हती.

आता आक्षेप. नॅन्सीचे जग स्वयंपाकघराच्या चौकटीत अडकलेले आहे. तिची नीती पुष्कळदा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहते. मुलांच्या लग्नांत ती नको तेवढी लक्ष घालते. हे सर्व मला मान्य आहे. साबणवाल्यांना असेच घर हवे होते, हेही खरे. तिच्या भोवतीच्या अपघातांचा आणि योगायोगांचा हिशेब मांडला तर कोणताही जाणता वाचक कपाळाला हात लावील. शिवाय ह्या व्यवसायात अभिनेत्रीचा आपल्या भूमिकेवर कसलाही हक्क नसतो. आरंभीच्याच काळात इर्ना फिलिप्सने वॅग्नरबाईंना एकदा वगळले होते आणि पुन्हा बोलावले. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नॅन्सीला कामच उरले नाही आणि त्या काही वर्षे मालिकेबाहेर राहिल्या. जिच्या वाक्याने घर सुरू झाले तिलाच त्या घरात जागा नाही! मालिकेबाहेरच्या घरांतही हे घडते, हे सांगायला नको.

त्या परतल्या. १९८६ मध्ये ख्रिसची भूमिका करणारे डॉन मॅक्लॉफलिन वारले आणि त्याच वर्षी मालिकेतला ख्रिसही गेला. तीस वर्षे ज्याला रोजची सकाळ म्हटली, तो खरोखरच उठून गेला होता. अशा प्रवेशात अभिनय कुठे संपतो आणि शोक कुठे सुरू होतो, ह्याची रेघ कोणी ओढावी? पुढे नॅन्सीने मॅक्लोस्की नावाच्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याशी उतारवयात लग्न केले, आणि त्याला स्मृतिभ्रंशाने गाठले. सारे घर ज्या बाईच्या आठवणीत साठलेले, तिच्याच नवऱ्याने तिला विसरत जावे, हा कथाभाग मला ह्या मालिकेतला सर्वांत कसदार वाटतो. त्याचे बळ लेखणीत थोडे आहे, अभिनेत्रीच्या मागे उभ्या असलेल्या वर्षांत अधिक आहे. तोच प्रवेश एखाद्या नव्या नटीने कितीही कौशल्याने केला असता, तरी ही वर्षे तिने कोठून आणली असती?

वॅग्नरबाई १ मे २०१० रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी गेल्या. मालिका बंद होणार हे आदल्या डिसेंबरातच जाहीर झाले होते. १७ सप्टेंबर २०१० रोजी तिचा शेवटचा, तेरा हजार आठशेहून अधिकावा भाग झाला. त्याचा अखेरचा शब्द डॉन हेस्टिंग्ज ह्यांच्या बॉबने उच्चारला: शुभरात्री. आईने उजाडवलेला दिवस मुलाने मावळवला. दूरचित्रवाणीवर एकच भूमिका सर्वांत दीर्घ काळ केल्याचा विक्रम वॅग्नरबाईंच्या नावे गिनीजच्या पुस्तकात नोंदला गेला होता. पण विक्रम हे कलेचे माप नव्हे. दीर्घ काळ खुर्चीत बसलेले कारकूनही असतात.

मग माप कोणते? ह्या अभिनयाचे तुकडे काढून दाखवता येत नाहीत. ‘हा प्रवेश पाहा’ म्हणून बोट ठेवावे असे त्यात थोडेच आहे. आणि थेट प्रक्षेपणाच्या काळातले कितीतरी काम तर हवेतच विरून गेले. दारापुढे रोज काढलेली आणि रोज पुसली गेलेली रांगोळी कोणी जपून ठेवते का? तरीही दार उघडताना ती नसली तर आपल्याला चुकल्यासारखे होते. वॅग्नरबाईंच्या कलेची किंमत ह्या ‘चुकल्यासारखे होण्या’त आहे. उत्कट क्षण रंगवणारे नट आपल्याला पुष्कळ मिळाले. दोन उत्कट क्षणांच्या मधले आयुष्य, जे आपण सर्व जण प्रत्यक्षात जगतो, ते इतक्या सचोटीने उभे करणारे फार थोडे. कंपनीला ह्यातून साबण विकायचा होता. तो तिने विकला. पण घरात एकट्या असलेल्या बायांना दुपारच्या वेळी आपले म्हणणे कोणीतरी ऐकून घेत आहे असे जे वाटत राहिले, ते कंपनीच्या हिशेबात कधीच धरलेले नव्हते. ते हेलन वॅग्नर ह्यांचे होते, आणि समीक्षेने आता तरी ते त्यांच्या नावे मांडावे, असे मला वाटते.