नभोवाणीवरील नाचरे गाणे आणि निवेदकाची भाषा : अमीन सयानी यांच्या 'गीतमाले'चा विचार

३ जुलै २००१ रोजी बेंगळुरू येथे देशातील पहिले खाजगी एफ.एम. केंद्र सुरू झाले आणि 'रेडिओ जॉकी' ही व्यवसायसंज्ञा हळूहळू सर्वांच्या तोंडी झाली. त्याच सुमारास शहराच्या पूर्वेस महादेवपुरा-व्हाइटफील्ड परिसरात संगणक-उद्योग विस्तारत होता. तेथे नोकरीसाठी येणाऱ्या मराठी माणसांच्याही कानी मोटारीत, वाहनांच्या रांगेत अडकलेले असताना, नाचऱ्या चालीची गाणी आणि त्यांच्या मधल्या फटींतून बोलणारा एक अखंड उत्साही आवाज पडू लागला. हा आवाज भाषेचे नेमके काय करतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने आपल्या कक्षेबाहेरचा मानण्याचे कारण नाही. मात्र त्याचा उलगडा होण्यासाठी अर्धशतक मागे, मुंबईत जावे लागते.

मराठी समीक्षेने नभोवाणीची दखल घेतली ती श्रुतिका, नभोनाट्य आणि भाषणे यांच्यापुरती. गाणी लावणाऱ्याचे बोलणे हे तिला 'संहिता' वाटले नाही. कीर्तनकाराच्या निरूपणाचा आणि तमाशातील बतावणीचा आस्थेने अभ्यास करणाऱ्या परंपरेत ही उपेक्षा खटकणारी आहे.

अमीन सयानी यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत झाला. थोरले बंधू हमीद सयानी हे इंग्रजी निवेदक. त्यांच्यामुळे अमीन लहान वयातच ध्वनिक्षेपकासमोर आले. तथापि त्यांच्या भाषेचा उगम शोधायचा तर तो ध्वनिमुद्रणकक्षात नव्हे, आईच्या छापील पाक्षिकात शोधला पाहिजे. कुलसुम सयानी यांनी १९४० पासून वीस वर्षे 'रहबर' हे नवसाक्षरांसाठीचे नियतकालिक चालविले. सोपी हिंदुस्थानी एकच, लिपी मात्र तीन : देवनागरी, उर्दू आणि गुजराती. या कामात आईला हातभार लावताना मुलाला जे शिक्षण मिळाले ते निवेदकाचेच होते. नुकतेच वाचू लागलेल्या प्रौढ माणसाला कमी न लेखता, त्याला कळेल असे वाक्य कसे रचावे, हे ते शिक्षण. सयानींच्या बोलण्यात संस्कृतप्रचुर शब्द येत नाहीत, फारसीचा डामडौलही नाही. वाक्ये आखूड असतात आणि क्रियापद लवकर हाती लागते. याला केवळ 'गोड आवाज' म्हणून सोडून देणे म्हणजे एका भाषिक धोरणाचे फळ निसर्गाच्या खाती जमा करणे होय.

या धोरणाच्या अगदी उलट धोरण त्या वेळी दिल्लीत आकाराला येत होते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आली. मराठी मातृभाषेचे, शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत असे हे मंत्री. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांना कात्री लावली. चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होते, म्हणून तेही गाळले. निर्मात्यांनी प्रक्षेपणाचे हक्क काढून घेतले आणि गाणी सीमेपलीकडे गेली. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती कोलंबोला जायच्या आणि तेथील महायुद्धकालीन प्रबळ प्रक्षेपक तो आवाज भारतभर परत पाठवायचा.

केसकरांना थट्टेचा विषय करणे आज सोपे आहे. पण त्यांच्या भूमिकेमागे मराठी मध्यमवर्गाची एक जुनी अस्वस्थता होती, हे नजरेआड करता कामा नये. गाणे ऐकताना मान डोलावी, पाय हलू नयेत, ही ती अस्वस्थता. आणि नेमके त्याच वर्गाच्या अंगणातून पाय हलविणारे संगीत आले होते. पुणतांब्याचे राम नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, आणि गिरणगावातून वर आलेले भगवान पालव यांचा 'अलबेला' १९५१ चा. त्यातील चालींना जॅझचा झणत्कार मिळाला तो चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या गोमंतकीय तुतारीवादकामुळे. शास्त्रीय संगीताचा कैवारी मराठी आणि नाचऱ्या गाण्याचा कर्ताही मराठी! या दोहोंमधील भांडण कोलंबोच्या लहरींवरून निकालात निघाले, ही सांस्कृतिक इतिहासातील मौजेची गोष्ट आहे.

'गीतमाले'चे आरंभीचे रूप सात गाण्यांच्या स्पर्धेचे होते. पुढे लोकप्रियतेचा क्रम लावण्यास प्रारंभ झाला. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांच्या आसपास पत्रे आली, असे सयानी सांगत. क्रमासाठी त्यांनी 'पायदान' हा शब्द योजला, आणि येथे त्यांची खरी प्रतिभा दिसते. 'क्रमांक' ही आकडेमोड आहे. 'पायदान' ही चढण आहे. गाणे पायरी चढते, घसरते, एका पायरीवर तग धरून बसते. गाण्याला पात्राचे रूप येते आणि बुधवारच्या रात्री आठपासूनच्या तासाभराला कथानक लाभते. तळापासून वर जाताना उत्कंठा लांबविणे, ऐन वळणावर एखादा किस्सा घालून थांबणे, ही युक्ती आख्यान रंगविणाऱ्या कीर्तनकाराला परकी नाही. फरक इतकाच की कीर्तनात शेवट श्रोत्याला ठाऊक असतो. येथे तो दर आठवड्याला नवा असे.

दुसरे वैशिष्ट्य संबोधनाचे. 'बहनो और भाइयो' या हाकेत बहिणी आधी येतात. सभेतील वक्त्याच्या वळणात केलेला हा लहानसा फेरफार घराच्या माजघरापर्यंत पोचला. ज्या स्त्रीला नाचघराचा उंबरा ओलांडता येत नव्हता तिच्या घरी नाचाचा ठेका आला, तो या सभ्य, किंचित हसऱ्या आवाजाचे बोट धरून. गाणे जितके उच्छृंखल तितके निवेदन संयत, हा तोल सयानींनी कटाक्षाने सांभाळला. 

आकाशवाणीने गाळलेली नावे 'गीतमाले'ने मोठ्याने उच्चारली. १९४९ च्या 'महल'मधील लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेऐवजी पात्राचे नाव होते, हे आठवले म्हणजे या नामोच्चाराचे मोल कळते. १९५३ च्या वार्षिक क्रमात 'अनारकली'मधील लताबाईंचे गाणे अग्रस्थानी आले, तेव्हा सी. रामचंद्र हे नावही झुमरीतलैयासारख्या आडगावी पोचले. पण मर्यादाही येथेच आहे. गायक, संगीतकार, गीतकार ही निवेदनाची चौकट ठरून गेली. नाचऱ्या गाण्याचा कणा असलेले वाद्यमेळ-संयोजक आणि वादक, ज्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता, ते तिच्याबाहेर राहिले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे सामान्य श्रोत्यांना कितीतरी उशिरा कळली.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. सयानी कधी गाण्याचे मूल्यमापन करीत नाहीत. अमुक गाणे वर आहे एवढेच ते सांगतात, चांगले आहे का हे नाही. तबकड्यांची विक्री आणि श्रोतासंघांचा कौल यांवर बेतलेला हा क्रम दंतमंजनाच्या पैशावर उभा होता. लोकप्रियता हाच निकष ठरविण्याची आजची सवय येथूनच वळण घेते, हे नाकारता येणार नाही. तरीही केसकरांच्या आकाशवाणीने श्रोत्याला विचारलेच नव्हते. सयानींनी विचारले, पत्रे उघडली आणि उत्तर जाहीर केले. रसिकाला मत असते हे मान्य करणे ही समीक्षेची पहिली पायरी आहे, आणि ती पायरी तरी ते चढले.

बेंगळुरूच्या त्या नव्या केंद्रापासून सुरू झालेल्या पिढीशी तुलना करता फरक आवाजाच्या वेगात दिसतो, पण तो मुळात पत्राच्या अभावात आहे. टपालाने आलेला श्रोता गावाच्या नावासह येई. त्याचे वाक्य आठवडाभर निवेदकाच्या टेबलावर राही. मोटारीतला श्रोता क्षणात येतो आणि सिग्नल हिरवा होताच जातो. त्याच्याशी बोलणारी भाषा साहजिकच उद्गारांची झाली. कथानक रचण्याइतका वेळ तिच्यापाशी नाही.

'गीतमाला' १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. सयानींना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. चौपन्न हजार कार्यक्रमांची नोंद त्यांच्या नावावर सांगितली जाते. अभ्यासकापुढची अडचण या आकड्यातून सुटत नाही. 'गीतमाला की छाँव में' या ध्वनिमुद्रिकांतील निवेदन त्यांनी उत्तरायुष्यात नव्याने केले आहे. त्यात पन्नाशीच्या दशकाची आठवण आहे, त्या दशकाचे बोलणे नाही. मूळ फितींचा शोध घेणे, त्यांचे लिप्यंतर करणे आणि विराम, उसासा, हसू यांच्या खुणांसह संहिता सिद्ध करणे, हे काम शाहिरी वाङ्मयाच्या संपादनाइतकेच किचकट आहे. आणि त्या बुधवारी ऐकणारे श्रोते आता थोडेच उरले आहेत.