होळकरांची मोटार : एक रसग्रहण

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस म्हणजे आपल्या घरांतील जीर्णोद्धाराचे दिवस. भिंतींना सफेदी होते, माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात आणि चिंच लावून लखलखीत घासली जातात. पण कितीही घासली तरी काठावर कोरलेले आजीचे नाव पुसले जात नाही, आणि कुठल्याशा लग्नात पडलेला पोचाही तसाच राहतो. तेच भांडे मोडीत घालून नवे आणले, तर चकाकी अधिक मिळते. नाव मात्र कायमचे जाते. जुनी वस्तू उजळण्याचे हे दोन मार्ग आपल्या घरांतील बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. जुन्या मोटारींच्या शौकिनांना मात्र हा भेद उमगायला फार वेळ लागला.

मोटारीचे रसग्रहण करायला बसलेला माणूस काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु देवळाच्या शिखराकडे आणि पैठणीच्या पदराकडे आपण ज्या डोळ्यांनी पाहतो, त्याच डोळ्यांनी पाहावे अशा काही मोटारी माणसाने घडविल्या आहेत. त्यांतल्या एकीशी आपल्या मराठी मुलखाचा जवळचा संबंध आहे.

आमच्या चंद्रपुरात उघडी गाडी म्हटली की ताडोबाची जिप्सीच डोळ्यांपुढे येते. वर टप नाही, भोवती काचा नाहीत. वाघ दिसावा यासाठी सारा अडसर दूर केलेला. उघड्या गाडीत बसलेला माणूस एकाच वेळी दोन गोष्टी करीत असतो : तो पाहतो आणि तो दिसतो. ताडोबात पाहण्याला महत्त्व. संस्थानिकांच्या मोटारीत दिसण्याला. १९३५ साली ताडोबाच्या रानात शिकारीला बंदी झाली. त्याच सुमारास इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्यासाठी ड्यूसेनबर्ग नावाची एक उघडी अमेरिकन मोटार तयार होत होती.

त्या काळी अमेरिकन मोटार आपल्याकडे दुर्मिळ होती असे नव्हे. मुंबईला शिवडी येथे जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ सालीच सुरू झाला होता, आणि शेवरोलेसारख्या गाड्या तेथे जोडल्या जात. पण ड्यूसेनबर्गची जातकुळी वेगळी. फ्रेड आणि ऑगस्ट हे दोघे ड्यूसेनबर्ग बंधू जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले. त्यांच्या गाड्यांनी १९२१ साली फ्रान्सची ग्रां प्री जिंकली, आणि इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत १९२४, १९२५ व १९२७ अशी तीनदा. १९२८ अखेर त्यांचे ‘जे’ नावाचे मॉडेल आले : एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हाल्व्ह, आणि कारखान्याच्या सांगण्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती. पुढे इंजिनात जोराने हवा कोंबणारा सुपरचार्जर जोडून ‘एसजे’ निघाले. त्याची शक्ती ३२० सांगितली जाई. कारखाना विकी तो इंजिन बसविलेला नुसता सांगाडा. वरचा देह गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून घडवून घ्यायचा.

यशवंतरावांनी तो देह लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून घडवून घेतला, आणि ह्या निवडीतच त्यांची रसिकता दिसते. मी ही मोटार छायाचित्रांतून पाहिली आहे. लांबच लांब बॉनेट, त्याच्या मागे केवळ दोघांपुरती बैठक, आणि मग मागे उतरत गेलेला देह. रंग नारिंगी आणि काळा. एवढा मोठा सांगाडा आणि माणसे दोन, हा व्यवहाराच्या दृष्टीने अपव्ययच. पण रेषेच्या दृष्टीने पाहिले तर तोच तिचा प्राण आहे. नजर पुढच्या दिव्यांपासून निघते ती शेपटापर्यंत कुठेही अडखळत नाही.

ही रेषा यशवंतरावांना अन्यत्रही आवडत होती. त्यांचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस ह्या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने १९३०च्या पुढच्या तीन-चार वर्षांत उभारला. ब्रांकुशी ह्या थोर शिल्पकाराचे आकाशात झेपावणारे तीन पक्षी, एक ब्राँझचा आणि दोन संगमरवराचे, त्यांनी घेतले होते. बर्नार बूते द मोन्व्हेल ह्या फ्रेंच चित्रकाराने त्यांची दोन चित्रे काढली, एक विलायती पोशाखातले आणि दुसरे मराठी राजवेषातले. ती नारिंगी-काळी मोटार ह्या दोन चित्रांच्या मध्ये कुठेतरी शोभली असती : यंत्र अमेरिकेचे, देह लंडनचा, आणि डौल मराठी सरदाराचा.

पण कौतुक करताना हिशेब विसरता येत नाही. ती वर्षे जागतिक मंदीची होती. संस्थानिकाच्या चैनीला शेवटी आधार रयतेच्या महसुलाचाच असे. मंदीत ड्यूसेनबर्गचा कारखानाही १९३७ साली बुडाला. ‘जे’ जातीच्या सुमारे ४८० गाड्याच निघाल्या. १९४८ साली होळकरांचे संस्थान मध्यभारतात विलीन झाले. यशवंतराव १९६१ साली वारले, आणि १९८० साली माणिकबागेतल्या वस्तूंचा लिलाव मोनाकोत झाला. मोटारही साता समुद्रांपलीकडे अमेरिकेत गेली. तेथे तिचा जीर्णोद्धार झाला, आणि आज ती नव्याहून नवी दिसते.

नेमके येथेच माझे समाधान होत नाही. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी नारिंगी-काळा रंग कायम राखला, ह्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. त्यांच्या हातांचे कसब वादातीत आहे. तथापि ही तुकतुकीत मोटार आपल्याला तिचा पहिला दिवस दाखविते; पुढची सारी वर्षे ती गिळून बसली आहे. इंदूरच्या उन्हाने रंग कुठे विटला असेल, बैठकीच्या कातड्यावर कोणाच्या बसण्याच्या खुणा असतील, कुण्या मिस्त्रीने वेळ मारून नेण्यासाठी बसविलेला एखादा बोल्ट असेल. त्या चकाकीत ह्यातले काय शोधायचे? ‘महाराजांची मोटार’ एवढे बिरूद शिल्लक राहते. त्यातला महाराज कोण, त्याचे राज्य कुठले, तिथली माणसे कोण, हे विचारण्याचे कारणच उरत नाही.

ह्यावर उत्तर दिले जाईल, आणि ते बिनतोड आहे, की डागडुजी केली नाही तर मोटार चालायचीच नाही. ब्रांकुशीचा पक्षी उडत नाही म्हणून कोणी तक्रार करीत नाही. मोटार मात्र धावली पाहिजे. मान्य. ब्रेक, टायर, पिस्टन, वायरी बदलाव्यात. ती यंत्राची गरज आहे. पण रंग, कातडे आणि लाकूड ही यंत्राची गरज नसून वस्तूची स्मृती आहे. ती तगेल तोवर तगवावी, आणि अगदी निरुपाय झाला तरच बदलावी. जुन्या इमारतींसाठी हाच विवेक १९६४ साली व्हेनिसच्या सनदेत सांगितला गेला. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच धर्तीवर ट्युरिनची सनद केली, ती त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

आपल्या सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, चासी, वरचा देह वा इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली, अशी त्यांची अट आहे. अशा गाडीला नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. ती मिरवणुकीला वा प्रदर्शनाला नेता येते, रोजच्या वापराला नाही. नियम चांगला आहे. पण तो सांगाड्याची राखण करतो, खुणांची नाही. त्या राखायच्या त्या घरच्यांनीच.

विदर्भातल्या एखाद्या वाड्याच्या पडवीत जर अशी गाडी पत्र्याखाली उभी असेल, तर रंगाऱ्याला हाक मारण्यापूर्वी तिची चहूबाजूंनी छायाचित्रे काढावीत. जुन्या रंगाचा हातभर तुकडा, जुन्या नंबराची पाटी आणि हाताने लिहिलेली दुरुस्तीची वही जपून ठेवावी. मग खुशाल इंजिन उघडावे. होळकरांच्या मोटारीला मी सौंदर्याचे पूर्ण गुण देईन. तिच्या जीर्णोद्धाराला कारागिरीचेही देईन. पण चिंचेने घासलेले भांडे आणि मोडीत घालून आणलेले भांडे शेजारी ठेवले, तर ती मला दुसऱ्याच्या अधिक जवळची वाटते.