कर्नल हेमू अधिकारी : शिस्त आणि श्रेय

खेळाडूंच्या चरित्राकडे आमचे टीकाकार सहसा फिरकत नाहींत. धावांचें कोष्टक म्हणजे वाङ्मय नव्हे, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु आयुष्याचा अर्थ लावणें हें टीकेचेंच काम असल्यामुळें, लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी यांच्या आयुष्याचा जो अर्थ रूढ होऊन बसला आहे, तो तपासून पाहण्यास हरकत नसावी. ते सैन्यांतले म्हणून शिस्तीचे, आणि शिस्तीचे म्हणूनच त्यांच्या देखरेखीखालीं आपला संघ विजयी झाला, असा तो अर्थ. आडनांव, हुद्दा आणि यश यांचा हा मेळ इतका सोयीचा आहे कीं त्याविषयीं शंका घेणेंच आम्हांस अगत्याचें वाटतें.

३१ जुलै १९१९ रोजीं पुण्यास जन्मलेले अधिकारी १९४७ ते १९५९ या काळांत २१ कसोटी सामने खेळले. धावा ८७२, शतक एकच. लष्करी सेवेमुळें अनेक सामने हुकले, हें जमेस धरलें तरी कोष्टक त्यांस मध्यम प्रतीचाच फलंदाज ठरवील. पण या धावा कोणत्या वेळीं निघाल्या तें पाहावें. १९४८ सालीं अॅडिलेड येथें दुसऱ्या डावांत आपले सहा गडी शून्यावर बाद झाले. त्या पडझडींत विजय हजारे यांच्या १४५ धावांस साथ मिळाली ती अधिकाऱ्यांच्या ५१ धावांची. त्याच वर्षीं दिल्लीस वेस्ट इंडीजनें ६३१ धावांचा डोंगर रचल्यावर ते ११४ धावा काढून नाबाद राहिले. १९५२ सालीं पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्याच कसोटींत गुलाम अहमद यांच्यासह त्यांनीं शेवटच्या गड्यासाठीं १०९ धावांची भर घातली. १९५९ सालीं मालिका हातची गेल्यावर, एकाच मालिकेंतील चौथा कर्णधार म्हणून त्यांस बोलावण्यात आलें. ६३ आणि ४० धावा, तीन बळी आणि अनिर्णित सामना, असा त्यांनीं त्या बोलावण्याचा मान राखला. तोच त्यांचा अखेरचा कसोटी सामना. संकटांत उभें राहणें हा या माणसाचा स्वभावच होता. त्याचें सारें श्रेय गणवेशास देणें म्हणजे माणसापेक्षां पोशाख मोठा मानणें होय.

आतां शिस्तीचा प्रश्न. १९७१ सालीं ते व्यवस्थापक असतांना भारतानें ओव्हलवर इंग्लंडला नमवून तेथील पहिला विजय मिळविला. परंतु १९७४ सालीं व्यवस्थापक तेच, कर्णधार वाडेकर तेच, आणि लॉर्ड्सवर आपला डाव ४२ धावांत आटोपला. तिन्ही सामने हातचे गेले. शिस्त हेंच विजयाचें कारण असतें, तर तीन वर्षांत ती कोठें गेली? चरित्रलेखक पहिलें वर्ष रंगवितात आणि दुसऱ्यावरून हळूच पुढें सरकतात. हा आमच्या मतें इतिहासाशीं अप्रामाणिकपणा आहे.

मग शिस्त निरर्थक का? तसें मुळींच नाहीं. चंद्रशेखर यांच्या मनगटांतील जादू कोणत्याही कर्नलास हुकमानें निर्माण करतां आली नसती. पण क्षेत्ररक्षण ही मेहनतीनें साध्य होणारी विद्या आहे, आणि अधिकाऱ्यांनीं आपला कटाक्ष ठेवला तो नेमका तिच्यावर. ओव्हलवर चंद्रशेखर यांनीं ३८ धावांत सहा बळी घेतले, हें सर्वांस आठवतें. त्याच डावांत वेंकटराघवन यांच्या चेंडूवर नॉटचा झेल टिपणारे एकनाथ सोलकर यांचे हात किती जणांस आठवतात? प्रतिभा संधि निर्माण करते. शिस्त ती संधि वांयां जाऊं देत नाहीं. याहून अधिक तिच्याकडून मागूं नये, आणि याहून कमी तिला देऊंही नये.

मुलगा शिस्तींत वाढला कीं यश ठेवलेलेंच, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून एक भाबडी समजूत असते. अधिकाऱ्यांचें चरित्र या समजुतीस आधार देत नाहीं. तें त्याहून मोलाचें कांहीं देतें. ओव्हलच्या विजयानें आणि लॉर्ड्सच्या नामुष्कीनें ज्याचें मोल बदलत नाहीं, असें कर्तव्य पार पाडलेला माणूस तें आपल्यापुढें उभा करतें. त्यांची थोरवी मोजावयाची ती याच मापानें.