पेशकार : साथीदाराची बढती

आमच्या वाशीम-कारंजाकडे तबला म्हणजे कव्वालीतला नि भजनातला साथीदार. उस्ताद झाकिर हुसेन (१९५१–२०२४) यांनी त्याला वाद्यवृंदाच्या पुढे बसवले. २००६ मध्ये बेला फ्लेक आणि एडगर मायर यांच्यासह नॅशव्हिल सिंफनीसाठी रचना केली; २०१५ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबरोबर 'पेशकार' सादर केला. पेशकार हा फारसी शब्द. तबलावादनातला आरंभीचा विस्तार. व्हायोलिनवादक लिहिलेले वाजवतो, तबलजी उपजेने वाजवतो. या दोहोंची सांगड हेच या कृतीचे बळ आणि हीच तिची कसोटी. आम्हांस वाटते, इतर तबलजी आपापल्या घराण्याच्या बोलांनी ती भरतील, तेव्हाच ती रचना म्हणून टिकेल. एरवी ती एका थोर वादकाची आठवण ठरेल.