श्वास, वाणी आणि हृदयाचा ताल : एका अनुमानाची परीक्षा

हृदयाचे ठोके घड्याळाप्रमाणे समान अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना ते किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. कार्ल लुडविग यांनी १८४७ साली नोंदलेला हा भेद मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूच्या द्वारे घडतो. भावनेचा परिणामही याच मार्गाने हृदयावर होत असल्यामुळे मानसशास्त्रज्ञांनी या भेदात मनःस्थितीचे मोजमाप शोधले, हे स्वाभाविकच होय. तथापि हे मोजमाप करताना माणूस बहुधा बोलत असतो, या गोष्टीचा पुरेसा विचार होत नाही.

या दृष्टीने लुचिआनो बेर्नार्दी व त्यांचे सहकारी यांचा २००० सालचा निबंध मोलाचा आहे. मनात वाचणे, मोठ्याने वाचणे, मोकळेपणी बोलणे, गणिते करणे अशी कामे निरोगी व्यक्तींना देऊन त्यांनी हृद्गतीबरोबर श्वसनही नोंदले. बोलताना श्वास झटकन घेतला जातो व सावकाश सोडला जातो. त्यामुळे श्वसनाची गती उतरते. रूढ विश्लेषणात हृद्गतीच्या चढउतारांचे शीघ्र व मंद असे पट्टे पाडतात. त्यांची सीमा सेकंदास ०.१५ आवर्तने, म्हणजे मिनिटास ९ श्वास, ही आहे. श्वसन त्याखाली गेले की श्वासाचाच परिणाम मंद पट्ट्यात जमा होतो. या पट्ट्याची वाढ म्हणजे मानसिक ताण, असे मानणारा अभ्यासक मग उच्चाराच्या लांबीलाच ताण समजून बसतो.

याच संशोधकांच्या २००१ सालच्या निबंधात २३ निरोगी व्यक्तींनी लॅटिनमधील ‘आव्हे मारिया’ ही प्रार्थना व एक योगमंत्र म्हटला. दोहोंच्या पठणाने श्वसन मिनिटास सुमारे ६ वर आले आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षेपक्रिया अधिक संवेदनक्षम झाली. येथेही आंदोलने मंद पट्ट्यातच वाढली. परंतु पठणाच्या बाबतीत त्यांचा अर्थ शांती असा लावण्याकडे वाचकाचा कल होतो. एकाच चिन्हाला एकदा ताण व एकदा शांती म्हणावयाचे, तर ते चिन्ह मनाचे नसून श्वासाचे आहे, असेच म्हणावे लागते.

भाषा व धर्म भिन्न असूनही दोन्ही पाठांचा परिणाम सारखा झाला, तेव्हा शारीरिक परिणामाचे कारण शब्दार्थात नसून उच्चाराच्या कालमानात आहे, हे अनुमान सबळ ठरते. मात्र अर्थाला मानसिक परिणामात वाटाच नाही, असे यावरून सिद्ध होत नाही. कारण त्या प्रयोगात शरीराचे ताल मोजले होते, मनाचे समाधान नव्हे.

अर्थात् श्वास व हृदय यांचा मनाशी संबंध नाही, असा येथे दावा नाही. दुःख सांगणाऱ्या माणसाच्या हृद्गतीवरून त्याच्या मनाविषयी निर्णय द्यावयाचा असेल, तर त्याचे श्वसन नोंदले पाहिजे. आणि त्याच गतीने श्वसन करीत एखादा भावनाशून्य मजकूर वाचताना त्याची हृद्गती कशी राहते, हेही पाहिले पाहिजे. या तुलनेत जो फरक उरेल, तेवढ्यालाच मनाचा वाटा म्हणण्यास आधार मिळेल.