‘मी ठरवले’ आणि ‘तसे झाले’ : मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचे व्याकरण

देगलूर हे नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे गाव. येथून एका अंगाला तेलंगणातील मदनूर, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातील औराद. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच निजामी राज्यात होता. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. या एकाच तारखेला आज या टापूत वेगवेगळी नावे आहेत. मराठीत ती ‘मुक्तिसंग्राम दिन’ आहे. कर्नाटकात ‘विमोचन दिन’ म्हणून पाळली जाणारी ही तारीख 2019 पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ झाली. तेलंगणात ‘मुक्ती’ म्हणावे की ‘एकीकरण’, हा वाद अजून चालू आहे. उर्दूत या घटनेला ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचा पाडाव, म्हणतात. आणि गावातली जुनी माणसे यांपैकी कोणतेच नाव न घेता नुसते ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात.

नावांमधला हा फरक राजकीय आहे, तसाच तो वाङ्मयीनही आहे. जो त्या घटनेचा कर्ता होता त्याचा शब्द वेगळा, ज्याच्यावर ती कोसळली त्याचा वेगळा. मुक्तिसंग्रामावरील मराठी आठवणींचे वाङ्मय या दृष्टीने तपासावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. व्यक्तीने घेतलेला निर्णय आणि त्यातून उद्भवलेले सामाजिक परिणाम यांचे नाते हे वाङ्मय कसे सांगते, हा येथे प्रश्न आहे.

या आठवणींचा सर्वांत जिवंत भाग निर्णयाचा असतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षक होतात, 1932 मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ होतात आणि पुढे बंदी घातलेल्या स्टेट काँग्रेसचे नेतृत्व करतात. 1947 मध्ये विद्यार्थी शाळा-कॉलेजे सोडतात, वकील कोर्टावर बहिष्कार घालतात, पाटील-पटवारी राजीनामे देतात. कोणी करोडगिरीचे नाके जाळतो, कोणी सरहद्दीपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणच्या कॅम्पात दाखल होतो. देगलूरच्या शेजारच्या बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ 1946 मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. त्यानंतरही या भागात कार्यकर्ते उभे राहिले, यावरून त्या निर्णयांची किंमत कळते. या प्रसंगांचे क्रियापद प्रथमपुरुषी असते : मी ठरवले, मी निघालो, आम्ही शपथ घेतली.

पुढे मात्र व्याकरण पालटते. घर कसे चालले, गहाण पडलेली जमीन सुटली का, फरारी नवऱ्याच्या मागे पोलिसांच्या झडत्या कोणी सोसल्या, शिक्षण सुटलेल्या मुलाचे काय झाले, याविषयी ‘हाल झाले’, ‘अतोनात त्रास झाला’ अशी कर्ता नसलेली वाक्ये येतात. निर्णयाला पुरे प्रकरण मिळते, परिणामाला एक ओळ. अशा आठवणींत बायको-आई ही बहुधा ‘तिनेही साथ दिली’ एवढ्यापुरतीच उरते. तिला निवडीची संधी मिळाली होती का, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. आणि 17 सप्टेंबर उजाडला की बहुतेक आठवणी संपतात. जेथे परिणामांची सुरुवात होते तेथेच ग्रंथसमाप्ती!

वास्तविक त्यानंतरचे महिने या भागासाठी फार मोठे होते. रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेल्या प्रदेशात शरणागतीनंतर मुसलमानांवर हल्ले झाले. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये संस्थानचा दौरा केला. या काळात 27 ते 40 हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्यासोबत नांदेडचे नाव आहे. हा अहवाल दीर्घकाळ प्रसिद्धच झाला नाही. आपल्या आठवणींच्या वाङ्मयातही त्याची जागा जवळजवळ रिकामी आहे.

येथे एक आक्षेप येईल : रझाकारांनी आधी जे केले ते विसरायचे का? मुळीच नाही. उलट तो सारा इतिहास निवडी आणि त्यांचे परिणाम या अंगाने वाचला तर अधिक स्पष्ट दिसतो. कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याने जी वाट निवडली तिची किंमत प्रथम संस्थानातल्या हिंदूंनी आणि नंतर, त्याच्याशी काही संबंध नसलेल्या, खेड्यापाड्यांतल्या गरीब मुसलमानांनी मोजली. तो स्वतः शिक्षा भोगून 1957 मध्ये पाकिस्तानात निघून गेला. याच्या अगदी उलट निवड ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची. रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. समाजघटना धर्माच्या नावाने ओळखल्या जातात, पण निवड प्रत्येक माणूस स्वतःच करीत असतो, हे या दोन नावांवरून ध्यानात येते.

सुंदरलाल समितीच्या अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. समान धंद्यातल्या माणसांत हे विशेष दिसले, हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या रक्षणाला उभे राहिले. हाही निर्णयच होता, आणि त्यासाठी लागणारे धैर्य नाके जाळणाऱ्याच्या धैर्यापेक्षा कमी नव्हते. तरी या माणसांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या नाहीत. त्यांना ताम्रपट मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

मराठीत या मर्यादा ओलांडणारे लेखन अजिबात नाही, असे नव्हे. नरहर कुरुंदकरांनी हैदराबादविषयीच्या आपल्या लेखनासाठी ‘विमोचन’ आणि ‘विसर्जन’ असे दोन शब्द योजले. सुटका होणे आणि एक राज्य विरघळून जाणे या दोन क्रिया आहेत, त्यांचे परिणाम निरनिराळ्या माणसांवर निरनिराळे होतात, याची जाण त्या शीर्षकातच आहे. अनंत भालेरावांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात वैयक्तिक आठवणीला व्यापक चौकट मिळते. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांचे ‘जीवनसेतू’ तर वेगळ्याच जागेवरून लिहिलेले आहे. ते निजामाच्या मुलकी सेवेत होते, आदिलाबादकडे असताना गोंडी शिकले आणि नोकरीतच राहिले. नोकरी सोडणे हीच तेवढी निवड, असे मानणाऱ्या वाचकाला हे आत्मचरित्र विचारात पाडते.

परिणामांची खरी बखर मात्र ग्रंथांबाहेर आहे. 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, 1950 मध्ये कूळकायदा आला. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचनेत नांदेडमधला मुधोळ तालुका आंध्रात गेला, बीदरमधले उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्यात आले आणि देगलूर सरहद्दीवरचे गाव झाले. कोणाच्या नावावर जमीन चढली, कोणाची उतरली, कोणाची सोयरीक परराज्यात गेली, हे तहसिलीतल्या जुन्या उर्दू दप्तरांत आणि घराघरांतल्या बोलण्यात आहे. त्या दप्तराची लिपी वाचणारी माणसे तालुक्यात आता विरळ झाली आहेत. 1948 मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाऐंशी ओलांडून गेले आहे.

म्हणून या वाङ्मयाच्या समीक्षेने आता केवळ त्यागाची मोजदाद करून थांबू नये. ‘मी ठरवले’ या वाक्यापुढचे ‘तसे झाले’ हे वाक्य उलगडून त्यातला हरवलेला कर्ता शोधावा : घर चालवणारी बाई, पळून गेलेला विणकर, त्याला घरात लपवणारा शेजारी. सत्याग्रहींच्या त्यागाला यामुळे उणेपणा येणार नाही. परिणामांसकट सांगितलेला निर्णयच पुढच्या पिढीला खरा वाटतो. देगलूरसारख्या गावी, जिथे एकाच तारखेची चार नावे एकाच बाजारात ऐकू येतात, हे काम सुरू करायला वेगळी साधने लागणार नाहीत. उर्दू वाचणारा एक जाणकार, मराठी लिहिणारा एक अभ्यासक आणि ऐकण्याची तयारी पुरे. वेळ मात्र फार थोडा उरला आहे.